पाळणा कुणाच्या हाती?

1927 साली एक आजी आणि एक माजी अशा दोन मराठी प्राध्यापकांनी संततिनियमनाची बाजू उघडपणे मांडली. एक कोल्हापुरातले, दुसरे मुंबईतले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे नारायण सीताराम फडके यांचं ‘सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया’ हे इंग्रजी पुस्तक त्या वर्षी मुंबईच्या तारापोरवाला प्रकाशनाने काढलं. त्याला प्रस्तावना होती अमेरिकेत संततिनियमनाची चळवळ उभी करणाऱ्या मार्गारेट सँगर यांची. त्याच वर्षीच्या जुलैत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ हे मराठी मासिक सुरू केलं. फडक्यांच्या हाती नोकरी होती आणि कादंबरीकार म्हणून नाव चढतीला लागलं होतं. कर्व्यांची विल्सन कॉलेजातली गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी याच विषयापायी दोन वर्षांपूर्वी सुटली होती.

दोघांचा आग्रह वरवर एकच दिसतो: मुलं किती आणि केव्हा व्हावीत हे नशिबावर सोडू नये. पण कशासाठी, या प्रश्नाला दोघांची उत्तरं वेगळी होती. फडक्यांच्या पुस्तकाचं उपशीर्षकच सांगत होतं की ही भारतात सुप्रजाशास्त्राची चळवळ उभी राहावी म्हणून केलेली मांडणी आहे. वंश सुधारावा, पुढची पिढी सुदृढ निपजावी, राष्ट्र बलवान व्हावं, आणि त्यासाठी संततिनियमन. कर्व्यांना राष्ट्राच्या बळाची फारशी फिकीर नव्हती. वारंवारच्या बाळंतपणांतून बाईचा जीव सुटावा, गर्भाच्या धास्तीविना तिला शरीरसुख मिळावं आणि हे ठरवण्याचा हक्क तिचा असावा, असं ते म्हणत होते. पुढे सरकारने संततिनियमनाचा कार्यक्रम हाती घेतला तेव्हा त्याने यांतली पहिली वाट धरली. दुसरी वाट अजून पुरती चालून झालेली नाही. कोल्हापुरातून पाहिलं तर हा सगळा प्रवास स्पष्ट दिसतो, कारण या जिल्ह्याने त्यातले चांगले आणि वाईट असे जवळपास सगळे टप्पे पाहिले.

नको असलेला गर्भ ही गोष्ट अर्थात 1927च्या कितीतरी आधीची. गर्भपात हा इंग्रजांच्या 1860च्या दंडसंहितेने गुन्हा ठरवला. वरच्या जातींत विधवेच्या पुनर्विवाहाला समाजाची मान्यता नव्हती, आणि दिवस गेले तर विहीर किंवा सुईणीचा झाडपाला यांपलीकडे वाट नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते याच बायकांसाठी. 1875 साली पंढरपुरातही तसंच गृह सुरू झालं. ही कामं मोठीच होती, पण ती संकट ओढवल्यानंतरची होती. संकट ओढवूच नये यासाठी बाईच्या हाती काही देण्याचा विचार अजून कुणाच्या मनात नव्हता. सधवेची तर कुणाला काळजीच वाटत नव्हती. नवऱ्याच्या घरी दरसाल-दीडसालाने बाळंत होणारी, दोन वाचली तर दोन गेली असं मोजणारी आणि एखाद्या खेपेला स्वतःच जाणारी बाई हे घराघरातलं नेहमीचं चित्र होतं.

कोल्हापूर संस्थानात या चित्राला पहिला धक्का बसला तो शाहू महाराजांच्या कारकिर्दीत. संततिनियमनाचा कायदा किंवा केंद्र महाराजांनी काढलं नाही. त्या काळी जगातल्या कुठल्याच सरकारने काढलं नव्हतं. पण त्यासाठी जी जमीन लागते ती त्यांनी तयार केली. कोल्हापूरच्याच कृष्णाबाई केळवकर फर्ग्युसन कॉलेजात शिकलेल्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी, पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेल्या. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला महाराजांनी त्यांना कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमलं आणि पुढच्या शिक्षणासाठी परदेशी पाठवलं. हे हॉस्पिटल म्हणजे आजचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, कोल्हापूरकरांच्या तोंडी अजूनही थोरला दवाखाना. पुरुष डॉक्टरपुढे अंग उघडं करण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायकांना तिथे बाई डॉक्टर मिळाली, याचं मोल आकड्यात सांगता येत नाही. गर्भाशयाविषयी, पाळीविषयी, बाळंतपणाविषयी विश्वासाने बोलता येईल असं माणूसच नसेल तर साधन असून उपयोग काय?

महाराजांनी कायद्याचंही बळ दिलं. 1917 साली विधवाविवाहाला आणि नंतर आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. घरात बाईला क्रूरपणे वागवण्याविरुद्ध 1919 साली कायदा झाला, घटस्फोटाचे नियम आले, देवदासी प्रथेविरुद्ध पाऊल पडलं. धाकटे चिरंजीव शिवाजी 1918 साली गेले, तेव्हा विधवा झालेल्या कोवळ्या वयाच्या सुनेला, इंदुमतीदेवींना, त्यांनी शिकवायला बसवलं आणि तिने डॉक्टर व्हावं अशी इच्छा धरली. राजघराण्यातल्या विधवेला विज्ञान शिकवणाऱ्या या माणसाला आणखी आयुष्य मिळतं तर संततिनियमनाविषयी त्याने काय केलं असतं, याचा तर्क करण्यात अर्थ नाही. 1922 साली महाराज गेले. पाच वर्षांनी त्यांच्याच संस्थानच्या कॉलेजातल्या प्राध्यापकाचं पुस्तक आलं.

फडक्यांच्या धाडसाला उणं लेखू नये. संस्थानी नोकरीत राहून, कोल्हापूरसारख्या देवीच्या गावात, लैंगिक प्रश्नावर नावानिशी पुस्तक लिहिणं त्या काळी सोपं नव्हतं. संततिनियमन अनैतिक आहे, त्याने व्यभिचार माजेल, या आक्षेपांना त्यांनी तोंड दिलं. बालविवाहाचे आणि न परवडणाऱ्या संततीचे तोटे मांडले. सँगरबाईंची प्रस्तावना मिळवून त्यांनी इथला प्रश्न जगाच्या चळवळीशी जोडून दिला. पण पुस्तकाचा कणा सुप्रजाशास्त्राचा होता, आणि त्या शास्त्राचा पहिला प्रश्नच असा की कोणी मुलं जन्माला घालावीत आणि कोणी घालू नयेत. प्रजेची प्रत ठरवायला कोणीतरी वर बसलेला शहाणा लागतो. युरोप-अमेरिकेत तेव्हा नामवंत विद्वान याच भाषेत बोलत होते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जर्मनीत या विचाराने कुठवर मजल मारली ते जगाने पाहिलं. फडके त्या टोकाचे नव्हते. तरी त्यांच्या मांडणीत बाई येते ती आई म्हणून, उद्याच्या सुदृढ पिढीची जन्मदात्री म्हणून. तिला स्वतःला काय हवं, हा प्रश्न तिथे मध्यभागी नाही. शिवाय पुस्तक इंग्रजीत होतं. देशात तेव्हा शंभर बायकांत जेमतेम दोन-तीन बायका साक्षर होत्या. ज्यांच्या पोटाचा हा प्रश्न होता त्यांच्या हाती ते पडण्याची शक्यताच नव्हती.

कर्व्यांनी 1921 सालीच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं होतं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला प्रसिद्ध दवाखाना उघडला होता, म्हणजे मुंबईचा हा गणिताचा प्राध्यापक जगाच्या मागे नव्हता. 1923 साली त्यांचं ‘संततिनियमन : आचार आणि विचार’ हे पुस्तक मराठीत आलं. विषय मराठीत आणणं हाच त्यांच्या कामाचा गाभा होता. कोणतं साधन कसं वापरायचं, कोणतं फसवं आहे, कशाने अपाय होतो, हे ते सरळ लिहीत. पत्नी मालतीबाईंची साथ नसती तर हे काम उभंच राहिलं नसतं. कॉलेजने ‘हे काम किंवा नोकरी’ असा पर्याय पुढे ठेवला तेव्हा कर्व्यांनी नोकरी सोडली आणि उरलेलं आयुष्य ओढगस्तीत काढलं. ‘समाजस्वास्थ्य’ मात्र त्यांनी 1953 साली मरेपर्यंत बंद पडू दिलं नाही.

त्या काळची साधनं काय होती हे ध्यानात घेतलं म्हणजे अडचण कळते. गर्भनिरोधक गोळी यायला अजून तीस-पस्तीस वर्षं होती. पुरुषासाठी रबरी पिशवी होती, पण ती वापरणं नवऱ्याच्या मर्जीवर. बाईसाठी गर्भाशयाच्या तोंडावर बसवायची रबरी टोपी होती, शुक्रजंतुनाशक औषधाच्या विरघळणाऱ्या गोळ्या होत्या, स्पंज होता. टोपीचं माप घ्यायला जाणकार डॉक्टर किंवा नर्स लागे, ती कशी बसवायची हे शिकून घ्यावं लागे, धुऊन ठेवायला पाणी आणि आडोसा लागे. बरीचशी साधनं परदेशातून येत आणि किमतीला भारी पडत. एका खोलीत दहा माणसं झोपणाऱ्या घरात, सासूच्या नजरेखाली, अशी वस्तू ठेवायची कुठे? करवीर किंवा पन्हाळ्याच्या खेड्यातली बाई तर या यादीतल्या पहिल्या वस्तूपर्यंतही पोचत नव्हती. म्हणून साधन शोधून काढण्याइतकंच ते बाईच्या हातापर्यंत पोचवणं मोठं काम होतं, आणि ते एकट्या-दुकट्या माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यासाठी सरकार लागतं.

एका संस्थानाने ते करून दाखवलं. 1930 साली म्हैसूर सरकारने आपल्या दवाखान्यांतून संततिनियमनाची केंद्रं उघडण्याचा हुकूम काढला. सरकारने स्वतः असं पाऊल उचलण्याचं जगातलं ते पहिलं उदाहरण मानलं जातं. कोल्हापूरच्या सीमेपासून म्हैसूर राज्य काही फार लांब नव्हतं, पण तो हुकूम तिथेच राहिला. त्याच वर्षी एप्रिलपासून ब्रिटिश हिंदुस्थानात बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा अमलात आला आणि मुलीच्या लग्नाचं वय निदान चौदा ठरलं. कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. संस्थानांनी आपापलं पाहायचं होतं.

तिसाच्या दशकात हा विषय सभांमधून आणि सभागृहांतून बोलला जाऊ लागला, आणि बोलायला बायका पुढे आल्या. अखिल भारतीय महिला परिषदेत डॉक्टर असलेल्या राणी लक्ष्मीबाई राजवाडे यांनी संततिनियमनाचा आग्रह धरला, आणि परिषदेने त्याच्या बाजूने ठराव केला. 1935च्या अखेरीस मार्गारेट सँगर भारतात आल्या. डिसेंबरच्या सुरुवातीला वर्ध्याला त्यांची गांधीजींशी भेट झाली. बाईला वारंवारच्या बाळंतपणातून सोडवलं पाहिजे हे गांधीजींना मान्य होतं, पण साधनं मान्य नव्हती. उपाय एकच, संयम. बाईने नवऱ्याला नाही म्हणायला शिकावं, असं त्यांचं म्हणणं. हे म्हणणं वाचताना त्या काळची सून डोळ्यांपुढे आणावी. जिला माहेरी जायला परवानगी लागे, जिचं लग्न चौदाव्या वर्षी दुसऱ्यांनी ठरवलेलं असे, तिने रात्री नवऱ्याला नाही म्हणायचं? नाही म्हणता येण्याइतकी सत्ता हाती असती तर तिला साधनाची इतकी गरजच पडली नसती.

ही गोष्ट ज्यांना नेमकी उमगली होती ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कोल्हापूरशी त्यांचं नातं 1920 साली कागल जहागिरीतल्या माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी त्यांचं नेतृत्व जाहीर केलं तेव्हापासूनचं. ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचे खटले भरले गेले तेव्हा 1934 साली कर्व्यांचं वकीलपत्र त्यांनी घेतलं. लैंगिक प्रश्नांवर वाचकांना शास्त्रीय उत्तर देणं अश्लील कसं, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला ते हरले. पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. नोव्हेंबर 1938 मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांच्या पक्षाने संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव आणला. स्वतः बाबासाहेब त्या दिवशी हजर नव्हते. त्यांचं भाषण पी. जे. रोहम यांनी मांडलं. प्रसूतीच्या वेदना पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाही पुरुषाने एकाहून जास्त मूल होऊ दिलं नसतं, अशा अर्थाचं विधान त्या भाषणात आहे. नको असलेला गर्भ टाळण्याची मुभा बाईला असली पाहिजे आणि गर्भ धरायचा की नाही हे तिच्या निवडीवर असावं, हे त्यात स्वच्छ म्हटलेलं आहे. ठराव फेटाळला गेला. आज ते भाषण वाचलं की वाटतं, ठराव फेटाळणाऱ्यांनी गरिबांच्या बायकांचा सगळ्यात साधा हक्क पंधरा वर्षं मागे ढकलला.

त्याच सुमारास पुण्यात शकुंतला परांजपे कर्व्यांच्या प्रेरणेने या कामात उतरल्या. रँग्लर परांजप्यांची ही मुलगी केंब्रिजला गणित शिकून आलेली. ‘प्रभात’च्या 1937 सालच्या ‘कुंकू’मध्ये म्हाताऱ्याशी लग्न लागलेल्या नीराला धीर देणारी सुधारक मुलगी त्यांनीच रंगवली होती. प्रभात कंपनी कोल्हापुरात जन्मलेली, त्यामुळे कोल्हापूरकरांना त्या पडद्यावरून परक्या नव्हत्या. पडद्याबाहेर त्या पुण्यात आणि आसपासच्या गावांत बायकांना संततिनियमन समजावून सांगत होत्या, शिव्या खात होत्या, पुन्हा जात होत्या. पुढे मुंबईच्या विधान परिषदेत आणि मग राज्यसभेत त्यांनी हाच विषय लावून धरला.

स्वातंत्र्यानंतर 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्याच वर्षी मुंबईत धनवंती रामा राव यांच्या पुढाकाराने फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी पासष्ट लाख रुपये ठेवले गेले, आणि 1952 साली सरकारी पातळीवर असा कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि सँगर पुन्हा आल्या. पण आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या विचारांच्या होत्या. म्हणून सुरुवातीला भर राहिला तो पाळीचे दिवस मोजून ‘सुरक्षित काळ’ पाळण्यावर. बायकांना रंगीत मण्यांच्या माळा देऊन दिवस मोजायला शिकवलं गेलं. तीस वर्षं साधनांसाठी झिजलेले कर्वे पुढच्याच वर्षी, 14 ऑक्टोबर 1953 रोजी गेले. सरकारने त्यांचा विषय उचलला होता. त्यांचा मुद्दा उचलला नव्हता.

सरकारपुढचा मुद्दा होता लोकसंख्या. धान्य कमी, तोंडं जास्त, हे गणित खोटं नव्हतं. पण एकदा गणित देशाचं झालं की बाई त्यातला आकडा होते. 1965 सालानंतर गावोगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत गर्भाशयात बसवायची लूप आली. लूप चांगली होती, स्वस्त होती, बाईला रोज काही आठवण ठेवायला लावत नव्हती. पण बसवल्यावर अंगावरून जायला लागलं, कंबर दुखली, तर विचारायचं कुणाला याची सोय अपुरी होती. बसवलेल्यांची मोजदाद व्हायची, पुढच्या तपासणीची नाही. काही वर्षांत लूपची बदनामी झाली आणि पुढे आलेल्या तांबीलाही ती चिकटली. कुटुंबनियोजनाचा उलटा लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर आला, 1968 पासून निरोध स्वस्तात मिळू लागला. पण कार्यक्रमाचा सगळा जोर नसबंदीवर गेला, कारण ती मोजायला सोपी. महाराष्ट्र त्यात आघाडीवर होता. शिबिरं भरत, लक्ष्य ठरे, आणि तलाठी, ग्रामसेवक, मास्तर यांना ‘केसेस’ आणाव्या लागत. माणसाला ‘केस’ म्हणण्याची सवय सरकारी तोंडाला तेव्हा लागली.

आणीबाणीत हे सगळं टोकाला गेलं. जानेवारी 1976 मध्ये बार्शीत रस्त्यावरून माणसं उचलून नसबंदी केल्याच्या घटना घडल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं. देशातल्या कुठल्याही राज्याने त्याआधी असं केलं नव्हतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि ते विधेयक कायदा झालं नाही. कर्व्यांच्या आणि आंबेडकरांच्या राज्यात हे घडलं याची सल राहावी अशीच ती गोष्ट आहे. ज्या सभागृहाने 1938 साली बाईला निवडीचा हक्क देणारा ठराव फेटाळला, त्याच परंपरेतल्या सभागृहाने 1976 साली निवडच काढून घेणारं विधेयक मंजूर केलं. दोन्ही वेळा बाईला विचारलं गेलं नाही.

1977 सालच्या निवडणुकीत केंद्रातलं सरकार हरलं. कार्यक्रमाचं नाव कुटुंबनियोजनाऐवजी कुटुंबकल्याण झालं. पण त्याहून मोठा बदल गाजावाजा न होता घडला. आणीबाणीपर्यंत नसबंदी करून घेणाऱ्यांत पुरुषांची संख्या मोठी होती. संतापलेल्या पुरुषांना दुखवायची राजकारण्यांची छाती उरली नाही, आणि सगळा भार बाईवर आला. दुर्बिणीची, बिनटाक्याची शस्त्रक्रिया आली आणि शिबिरांत बायकांच्या रांगा लागल्या. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, तिला भूल कमी, दगदग कमी. तरी ‘त्यांना कामावर जायचं असतं, त्यांना अशक्तपणा येईल’ असं बायकाच म्हणू लागल्या. शेतातलं, गोठ्यातलं, घरातलं काम करणारी बाई मात्र आठ दिवसांत पुन्हा भांडी घासायला बसे. 2019–21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी जवळपास निम्म्यांची नसबंदी झालेली आढळली. पुरुषांची नसबंदी शंभरात एकाच्याही खाली होती. राज्याचा जननदर 1.7 वर आला. देशाचं गणित सुटलं, पण ते कुणाच्या पोटावर सुटलं ते नसबंदीच्या या दोन आकड्यांच्या अंतरात दिसतं.

या सगळ्या प्रवासात एक खरा हक्क मिळाला, तो 1971च्या गर्भपाताच्या कायद्याने. ज्या समितीने त्याची शिफारस केली तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री राहिलेले होते. गर्भनिरोधक साधन फसलं तर विवाहित बाईला गर्भपात करून घेता येईल, अशी तरतूद त्यात होती. शंभर वर्षांहून जास्त काळ गुन्हा असलेली गोष्ट दवाखान्यात उजळ माथ्याने करता येऊ लागली. ‘पिशवी साफ करायला’ म्हणून लांबच्या गावी चोरून जाणाऱ्या कित्येकींचे जीव त्याने वाचवले.

आणि मग कोल्हापुरात या हक्काची सगळ्यात कडू बाजू समोर आली. दोन मुलांचं कुटुंब घराघरात रुजलं, पण त्यात एक मुलगा हवाच, ही अट कुणी सोडली नाही. ‘मुलगा झाला की ऑपरेशन’ हे वाक्य आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने किती वेळा ऐकलं असेल! कुटुंब लहान करायचं, मुलगा तर हवा, आणि सोनोग्राफी यंत्र जवळच्या शहरात. महाराष्ट्राने 1988 साली देशात सर्वांत आधी गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला होता. तरी 2001च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली निघाल्या 839. उसाचा, दुधाचा, सहकाराचा, शाळा-कॉलेजांचा हा सुखवस्तू जिल्हा राज्यात अगदी तळाला गेला. शाहू महाराजांच्या करवीरात आणि अंबाबाईच्या गावात हे घडलं, याने अनेकांची झोप उडाली.

2009 नंतर जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी ‘सेव्ह द बेबी गर्ल’ मोहीम उभी केली. सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण जोडून प्रत्येक तपासणीची नोंद राहील अशी व्यवस्था झाली. 2011च्या जनगणनेत कोल्हापूरचा आकडा 863 झाला. देशमुखांनी पुढे कथालेखक म्हणूनही हा विषय मांडला, ‘सावित्रीच्या गर्भात मारलेल्या लेकी’ या संग्रहातून. या मोहिमेची गरज होती याबद्दल शंका नको. तरी तिच्या कडेकडेने आणखी एक गोष्ट घडली. कारवाईच्या धाकाने डॉक्टर कायदेशीर गर्भपातालाही बिचकू लागले, आणि राज्यातल्या औषध दुकानदारांपैकी बहुतेकांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणं बंद केलं. आठ-नऊ आठवड्यांच्या गर्भाचं लिंग सोनोग्राफीत कळतच नाही, त्या गोळ्यांचा मुलींच्या हत्येशी संबंध नाही. साधन फसलेली, खरोखर अडलेली बाई मात्र दारोदार फिरू लागली. मुलीचा जीव वाचवणं आणि बाईचा हक्क राखणं या दोन्ही गोष्टी एकमेकींविरुद्ध उभ्या करण्याची चूक आपण केली. दोन्हींचं मूळ एकच आहे: बाईच्या पोटाचा निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेणं. मुलगी नको हा निर्णय बहुतेक घरांत तिचा एकटीचा नव्हताच.

गेल्या काही दशकांत चित्र थोडं बदलतं आहे. 1996 साली सरकारने वरून लक्ष्य ठरवण्याची पद्धत कागदावर तरी सोडली. छत्तीसगडमध्ये बिलासपूर जिल्ह्यात नोव्हेंबर 2014 मध्ये नसबंदी शिबिरानंतर तेरा बायका दगावल्या. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं सांगितलं. 2017 पासून सरकारी दवाखान्यांत तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळी मिळू लागली. नवऱ्याला किंवा सासूला न कळता घेता येतं, म्हणून काही बायकांना अंतरा सोयीचं वाटतं. ऐंशीच्या दशकात स्त्री संघटनांनी अशा इंजेक्शनांना विरोध केला होता तो बायकांना पुरती माहिती न देता चाचण्या होतात म्हणून. ते भय खोटं नव्हतं. म्हणून इंजेक्शन देण्याआधी पाळी अनियमित होईल, थांबेल, हे सांगणारी आशाताई आणि नंतर विचारपूस करणारी सिस्टर इंजेक्शनाइतकीच महत्त्वाची. 2021 साली गर्भपाताच्या कायद्यात ‘विवाहित बाई आणि तिचा नवरा’ ऐवजी ‘बाई आणि तिचा जोडीदार’ असे शब्द आले, आणि 2022च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित बाईलाही तोच हक्क आहे असं स्पष्ट केलं.

फडक्यांचं पुस्तक आज ग्रंथालयाच्या कपाटात आहे आणि सुप्रजाशास्त्राचं नाव कुणी घेत नाही. तरी त्याची वृत्ती गेलेली नाही. कुणाला मुलं जास्त होतात, कुठल्या समाजाची संख्या वाढते, असे प्रश्न अजून सभांतून विचारले जातात. कधी मुलं कमी करा, कधी जास्त होऊ द्या असे सल्ले पुरुषांकडून दिले जातात. कर्व्यांनी आणि आंबेडकरांनी विचारलेला प्रश्न या प्रश्नांपेक्षा साधा होता आणि तो विचारायला खर्चही लागत नाही. गडहिंग्लज, आजरा, शाहूवाडी किंवा राधानगरीच्या कुठल्याही उपकेंद्रात पहिलं बाळंतपण झालेली बाई आली की तिला एकटीला बसवून विचारायचं: तुला पुढचं मूल हवं आहे का, हवं असेल तर केव्हा, आणि यांतलं कोणतं साधन तुला झेपेल? तिच्या नवऱ्यालाही विचारायचं: शस्त्रक्रिया तू का करून घेत नाहीस? या प्रश्नांची उत्तरं ज्या दिवशी केसपेपरवर आधी लिहिली जातील आणि लक्ष्याचा आकडा नंतर, त्या दिवशी 1921 साली मुंबईत सुरू झालेलं काम कोल्हापूरच्या खेड्यापर्यंत पोचलं असं म्हणता येईल.